चौदा नंबर सलग जायची तेव्हा

हापानीत्तीच्या टेकडीवरून निघालेली चौदा नंबरची बस बर्चच्या झाडांतून खाली उतरायची, नदीवरचा पूल ओलांडायची, बाजारचौकाला अर्धा वळसा घालायची आणि जुनी गोदी मागे टाकून तशीच पुढे काइस्लारांताच्या किनाऱ्यापर्यंत जायची. शहराच्या पूर्व टोकाला चढलेल्या माणसाला पश्चिम टोकाला उतरेपर्यंत जागेवरून हलावं लागत नसे. घड्याळाच्या लंबकासारखी ती दिवसभर या टोकाहून त्या टोकाला झुलत राही, म्हणून फिनलंडच्या तुर्कू शहरातले जुने ड्रायव्हर तिला लंबकच म्हणत.

हा लंबक आता मधोमध तोडणार आहेत, हे माइरेला शुक्रवारी कळलं, आणि तेही ड्रायव्हर मिर्सादने सांगितलं म्हणून.

"मग सोमवारपासून कसं करणार तुम्ही?" उतारावर ब्रेक दाबत त्याने आरशातून विचारलं. माइरे नेहमीप्रमाणे त्याच्या मागच्या एकट्या जागेवर बसली होती.

"सोमवारी काय आहे?"

"काय आहे म्हणजे? थांब्यावर एवढा मोठा पिवळा कागद चिकटवलाय, वाचला नाहीत? शाळा उघडल्या की नवं वेळापत्रक. चौदा नंबर बाजारचौकात संपणार. तिथे उतरायचं आणि काइस्लारांतासाठी अडतीस नंबर पकडायची."

माइरेने मांडीवरची पिशवी उगाच सारखी केली. थांब्यावर काहीतरी पिवळं आहे एवढं तिला आठवडाभर दिसत होतं.

"वाचला ना," ती म्हणाली. "मला वाटलं, पुढच्या महिन्यापासून आहे. आणि तुझं काय?"

"मला विमानतळाच्या मार्गावर टाकलंय. सगळे मोठमोठ्या बॅगावाले. तोंडातून शब्द काढत नाहीत."

"इथे तरी कोण काढतं?"

"तुम्ही काढता की. दर फेरीला एक वाक्य. बोस्नियाहून आलो तेव्हा मला वाटायचं, या लोकांचं माझ्याशी काही वाकडं आहे का? आता तीस वर्षांनी एका वाक्याचं मोल कळलंय." तो हसला. "माझ्या आईसारखं भडाभडा बोलणारं कोणी आता मागे बसलं, तर मीच बस सोडून पळून जाईन."

माइरेही हसली. पण काइस्लारांता येईपर्यंत तिचं मन त्या पिवळ्या कागदाभोवतीच घुटमळत राहिलं.

दोन हिवाळ्यांपूर्वी तिच्या नजरेच्या मधोमध एक धुरकट ठिपका येऊन बसला होता. ज्याच्याकडे थेट पाहावं तेच नाहीसं व्हायचं आणि कडेचं मात्र दिसत राहायचं. समोरच्या माणसाचा चेहरा पुसला जाई, पण त्याचे कान आणि खांदे जागच्या जागी असत. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं, की हे वाढत जाईल, हळूहळू वाढेल, आणि चष्म्याने काही होणार नाही. माइरेने ते ऐकून घेतलं, आभार मानले आणि घरी येऊन कोणाला काही सांगितलं नाही. मुलीला, औतीला, ती इतकंच म्हणाली होती, की चष्म्याचा नंबर थोडा बदललाय.

लपवणं तिला जमलं ते चौदा नंबरमुळे. हापानीत्तीच्या थांब्यावर दुसरी बसच येत नसे. टेकडीवर इंजिनाचा आवाज आला, काहीतरी मोठं आणि पिवळं वळणावर दिसलं, की हात वर करायचा. ती चौदाच असणार. परतीला शुश्रूषागृहासमोरच्या थांब्यावरही तसंच. आकडा वाचायची वेळच कधी येत नव्हती. नवऱ्याला, काउकोला, पक्षाघात झाल्यापासून ती रोज दुपारी त्याच्याकडे जात होती. त्याचा उजवा हात आणि उजवा पाय गेला होता, शब्द उशिरा आणि एकेक करून येत, पण डोकं शाबूत होतं. रोज ती जाई, थर्मासमधली कॉफी आणि वेलचीचा पाव घेऊन, आणि संध्याकाळच्या जेवणाआधी परते. आंधळी होत चाललेली बाई शहराच्या या टोकाहून त्या टोकाला एकटी जाते-येते, असा संशयही कोणाला आला नव्हता.

आता बाजारचौकात उतरावं लागणार होतं. तिथे शहरातल्या निम्म्या बस येतात. एकेका थांब्यावर सात-आठ नंबर, सगळ्या बस एकाच रंगाच्या आणि एकामागे एक. आपली आहे असं पाहून हात वर केला तरच थांबते, नाहीतर ड्रायव्हर निघून जातो. त्यात त्याची काही चूक नसते.

तो चौक तिला नवा मात्र नव्हता.

माइरे विशीत होती तेव्हा सलग बस नव्हतीच. ती मावशीकडे हापानीत्तीला राहायची आणि काइस्लारांताच्या दोरखंडाच्या कारखान्यात कामाला जायची. तेव्हा मार्ग एकेका माणसाचे असत. ज्याची बस त्याचा मार्ग. पूर्वेची बस काउकोच्या वडिलांची होती आणि ती काउको चालवायचा. पश्चिमेची बस यालमार नावाच्या, धिप्पाड आणि स्वीडिश हेल काढून फिनिश बोलणाऱ्या माणसाची होती. सकाळी काउकोच्या बसमधून चौकात उतरायचं, फुलांचे आणि बटाट्यांचे गाडे ओलांडत तिरकं धावायचं आणि पलीकडे उभ्या यालमारच्या बसमध्ये चढायचं. हिवाळ्यात काउकोला उशीर व्हायचा. मग तो चौकात शिरता शिरता पुढच्या दिव्यांची दोनदा उघडझाप करायचा, म्हणजे माझ्याकडे तुझी माणसं आहेत, थांब. यालमार थांबायचा. दारात उभा राहून ओरडायचा, "या, या, दोरवाल्या पोरींनो, सावकाश या! तुमचा ड्रायव्हर काय, तिकडे शेकोटीजवळ बसून राहिला असेल, म्हणून हा उशीर!"

माइरे गोठलेल्या दगडांवरून दोन्ही हात पसरून धावायची. पाठीमागे काउको दिवे लावून ती चढेपर्यंत तिथेच उभा असायचा, हे तिला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा तिने त्याला सरळ विचारलं होतं, "माझ्यासाठी थांबतोस की बर्फासाठी?" काउको इतका लाल झाला, की उत्तराची गरजच उरली नाही.

लग्नानंतर दोन वर्षांनी, औती पोटात असताना, एका सकाळी ती चौकात घसरून पडली. बाळाला काही झालं नाही. पण त्या रविवारी यालमार हापानीत्तीला त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. टेबलावर कॉफी होती आणि शहराचा नकाशा होता. दोघा पुरुषांनी दुपारभर मान खाली घालून चर्चा केली. तुझी बस माझ्या टोकापर्यंत, माझी बस तुझ्या टोकापर्यंत, भाडं निम्मं-निम्मं. वसंतात परवाना मिळाला आणि चौदा नंबर सलग झाली.

"लोकांना वाटेल त्यांच्या सोयीसाठी केलं," त्या रविवारी निघताना यालमार दारात बूट चढवत म्हणाला होता. "लोकांना काय माहीत, की एका बापडीला बर्फावर धड चालता येत नाही म्हणून एवढा उपद्व्याप!"

"मला चालता येतं!" माइरे आतून ओरडली होती.

पुढे एकेकट्यांचे मार्ग गेले, मोठा कारभार आला, बसचे रंग बदलले. यालमारही गेला. चौदा नंबर मात्र सलगच राहिली. काउको निवृत्त होईपर्यंत तीच चालवत होता. आपण काही उभारलं असेल तर ते एवढंच, असं तो कधी बोलला नाही. पण शुश्रूषागृहात तिला पाहिलं, की त्याचा पहिला प्रश्न बसबद्दलच असे. वेळेवर होती? कोण होतं? त्याला हे तोडण्याचं कसं सांगायचं? शनिवारी तिने सांगितलं नाही. रविवारीही नाही.

रविवारी संध्याकाळी औती आली. येताना तिने ब्लूबेरीची बादली आणली होती. दोघी टेबलाशी बसून पानं-काड्या निवडत होत्या. माइरे बोटांनी निवडत होती, आणि औतीचं तिकडे लक्ष नव्हतं.

"आई, मी विचार करत होते," औती म्हणाली. "आता बस बदलावी लागणार. तू सत्त्याहत्तरची. हिवाळा येईल. बुधवारी आणि रविवारी मी तुला गाडीने नेते. तेवढं पुरेसं आहे."

"कोणाला पुरेसं आहे?"

"असं का बोलतेस? बाबांचं तिथे व्यवस्थित चाललंय."

"दोन दिवस मी गेले, तर उरलेले पाच दिवस ते कोणाला विचारणार बस वेळेवर होती का?"

"नर्सला विचारतील."

"नर्स मोटारीने येते."

औतीला हसू आलं, पण तिने ते आवरलं. "बरं, हट्ट असेल तर जा. चौकात जाऊन उभं राहायचं, फोनमध्ये सगळं दिसतं. कुठली बस किती मिनिटांत येते, अगदी ठिपका सरकताना दिसतो. दाखवू?"

"दाखव," माइरे म्हणाली. औतीने फोन तिच्यासमोर धरला. काचेवर उजेड होता आणि त्या उजेडाच्या मधोमध धुकं होतं.

"दिसलं?"

"दिसलं. छान आहे."

औती गेल्यावर ती बराच वेळ निवडलेली फळं पुन्हा निवडत बसली. आताच सांगून टाकायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर उद्याचं जाणं संपलंच होतं. औती वाईट नव्हती. चांगली होती, म्हणूनच तिने जाऊ दिलं नसतं.

सोमवारी चौदा नंबर वेळेवर आली. ड्रायव्हर नवा होता आणि तो मागे वळला नाही. पूल ओलांडला, चौक आला, आणि बसमधल्या आवाजाने शेवटचा थांबा असल्याचं सांगितलं. सगळे उठले. माइरे शेवटी उतरली. मिर्सादने शुक्रवारी उतरताना समजावलं होतं तसं ती उजव्या बाजूने कडेकडेने चालत तिसऱ्या थांब्यापाशी गेली. चौकात गाड्यांवर नवे बटाटे आणि शेपूच्या जुड्या होत्या, हे तिला वासावरून कळलं. तिरकं धावायचा तो रस्ता आता कुठून जात असेल, असा विचार मनात येऊन गेला.

थांब्यावर तीन-चार माणसं होती, नेहमीसारखी हातभर अंतर सोडून. माइरे काठाशी उभी राहिली. पहिली बस आली. तिच्या कपाळावर पिवळ्या ठिपक्यांचा आकडा होता. त्यात एक तीन आहे असं वाटलं. दुसरा आकडा तीन, सहा, आठ, काहीही असू शकत होता. तिने नजर बाजूला नेली, कडेने पाहायचा प्रयत्न केला. आकडा हलला, फुटला. हात वर करावा का? चुकली तर?

काउको चालवत होता त्या सगळ्या वर्षांत रात्रीच्या जेवणाला एक तक्रार ठरलेली असे: उगाच हात करणारे. भरल्या रस्त्यात ब्रेक मारायला लावायचं आणि दार उघडलं, की 'नाही, नाही, माझी नाही' म्हणून हात झटकायचा. अशा लोकांचा त्याला मनस्वी राग होता. ड्रायव्हरच्या बायकोने कधी चुकीची बस थांबवली नव्हती. एवढ्या आयुष्यात एकदाही नाही.

बस निघून गेली. तिच्या बाजूवर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं, ते दूर जाताना कडेने वाचता आलं. सुरुवात 'काइ' अशी होती. अडतीसच होती ती.

पुढच्या वेळी ती सावध राहिली. तेव्हा दोन बस पाठोपाठ आल्या आणि मागची पुढच्या बसच्या आड राहिली. मागची निघाली तेव्हा माइरेचा हात थोडा हलला, खांद्यापर्यंत गेला आणि थबकला. तिसऱ्या वेळी तर तिला काही समजलंच नाही. कोणीतरी चढलं, दार मिटलं, बस गेली.

पाय दुखू लागले. थर्मास जड वाटायला लागला. रस्त्याच्या पलीकडे परतीची चौदा नंबर उभी होती. तिला ओळखायला आकड्याची गरज नव्हती, ती तिथेच संपत होती आणि तिथूनच निघत होती. दहा पावलं टाकली, बसलं, की घर. उद्यापासून बुधवार आणि रविवार. काउको खिडकीशी खुर्चीत बसलेला असेल. तो तिला पाहतो तेव्हा त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू आधी हलते. त्याचा चेहरा तिलाही आता कडेकडेनेच दिसतो, पण दिसतो.

पुन्हा इंजिनाचा आवाज आला. माइरेने डोळे मिटले आणि हात सरळ वर केला.

बस थांबली. दार उघडलं.

"काइस्लारांता?" तिने विचारलं.

"आजी, ही तेहतीस. समोर लिहिलंय की," तरुण ड्रायव्हर म्हणाला. "मग हात कशाला केलात?"

तिचे कान तापले. क्षणभर तिला वाटलं, तो काउकोच आहे आणि रात्री घरी जाऊन जेवताना हे सांगणार आहे. "चुकलं," ती पुटपुटली. दार मिटलं.

मग ती बाजूला वळली. हातभर अंतरावर एक आकृती मघापासून उभी होती, निळ्या कोटातली, चाकांची पिशवी घेतलेली. माइरे त्या कोटाशी बोलली.

"मला आकडा दिसत नाही. डोळे गेलेत माझे, मधले. अडतीस आली की सांगाल का?"

हे शब्द तिने यापूर्वी कधी मोठ्याने उच्चारले नव्हते. ते इतके छोटे होते याचंच तिला नवल वाटलं.

"अहो देवा," निळा कोट म्हणाला. आवाज तिच्याच वयाच्या बाईचा होता. "मी मघापासून बघतेय तुम्हाला. म्हटलं, कोणाची तरी वाट पाहतायत. मग म्हटलं, विचारावं का? मग म्हटलं, उगाच कशाला नाक खुपसा. ह्या नादात माझ्या दोन बस गेल्या."

"दोन?"

"दोन. बहीण आता फोनवर आरडाओरडा करणार." ती बाई जरा जवळ सरकली. इतकी, की कोटाला कोट लागला. "चौथ्या वेळी तुम्ही हात केलात, तेव्हा मला इतकं हायसं वाटलं! म्हटलं, गेल्या एकदाच्या. तर ती तेहतीस."

माइरे हसायला लागली. ती बाईही हसली. पलीकडच्या माणसाने मान वळवून पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहू लागला.

"अडतीस!" ती बाई एकदम ओरडली, आणि तिने स्वतःच हात वर केला. माइरेनेही केला.

शुश्रूषागृहात पोहोचायला नेहमीपेक्षा खूपच उशीर झाला. काउको खिडकीशी नव्हता. तो दाराशी होता. खुर्ची त्याने एका हाताने आणि एका पायाने ढकलत तिथवर आणली होती, आणि त्याच्यामागे नर्स म्हणत होती, "सांगितलं ना येतील म्हणून! बघा, आल्या."

"कुठे... होतीस?"

"आत चल, सांगते."

खोलीत जाऊन तिने कोट काढला, टेबलावर कप मांडले, थर्मास उघडला आणि सांगायला सुरुवात केली. चौदा नंबर तोडली, हे आधी. काउको ऐकत राहिला. त्याचा डावा हात गुडघ्यावर होता. तो हळूहळू मिटला.

"चौकात?"

"चौकात. तिथून अडतीस."

बाहेर किनाऱ्याच्या बोरूंमध्ये बदकं ओरडत होती. "यालमार... असता तर," तो शेवटी म्हणाला आणि पुढचं त्याने सोडून दिलं.

"यालमार असता तर दारात उभा राहून शिव्या दिल्या असत्या. पण काउको, दुसरंही एक आहे." तिने कप जवळ ओढला आणि ती कॉफी ओतायला लागली. "मला उशीर झाला, कारण तीन बस माझ्यासमोरून गेल्या. मला दिसलं नाही. मला वाचता येत नाही आता."

"माहीत... आहे."

तिचा हात थांबला.

"कपात... बोट घालतेस," काउको म्हणाला. शब्द जमवायला त्याला वेळ लागत होता आणि तो घाई करत नव्हता. "कॉफी... ओतताना. वर्ष... झालं."

माइरेने खाली पाहिलं. तिची तर्जनी कपाच्या कडेच्या आत होती, कॉफी तिथवर चढली की कळावं म्हणून. ही सवय कधी लागली ते तिला स्वतःलाही माहीत नव्हतं.

"वर्ष झालं आणि बोलला नाहीस?"

"औतीला... कळलं असतं. तुला... येऊ दिलं नसतं."

तो तिच्याकडे पाहत होता, हे तिला दिसलं नाही. पण त्याच्या श्वासावरून कळलं. मग तो हळूच म्हणाला, "चूक... माझी. पडली असतीस... तर?"

तिला रागवायचं होतं. वर्षभर ती दाराशी येऊन 'आज आकाश किती निळं आहे' अशा गप्पा रचत होती, आणि हा माणूस समोर बसून सगळं ओळखून होता. पण मग आपणही काय केलं, असं मनात आलं. दोघांनी मिळून एकाच गोष्टीसाठी तोंड बंद ठेवलं होतं: या दुपारसाठी. तिने बोट पुसलं आणि त्याचा डावा हात हातात घेतला.

"मी आज चुकीची बस थांबवली," ती म्हणाली. "तेहतीस. पोराने झापलं मला."

काउकोच्या चेहऱ्याची डावी बाजू हलली. "कोण... होता?"

"नाव विचारायला थांबले नाही."

"उद्या... सगळ्या थांबव."

"तुला चालेल?"

"मला... काय विचारतेस? मी... कुठे चालवतोय?"

ती हसली. तोही हसला, अर्ध्या चेहऱ्याने. मग त्याने हनुवटीने तिच्या पिशवीकडे, फोन असायचा त्या बाजूला, खूण केली. "औती."

माइरेने नाही म्हटलं नाही. तिने नेहमीच्या बटणावर बोट ठेवलं. औती कामावर होती, मागे यंत्रांचा आवाज होता.

"औती, मी बाबांकडून बोलतेय. सगळं ठीक आहे. मी सांगते ते आधी पूर्ण ऐकून घे."

तिने सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी काय म्हटलं होतं ते, ब्लूबेरीचं, फोनवरच्या ठिपक्याचं, आज चौकात काय झालं तेही. तिकडे यंत्रांचा आवाज बंद झाला. औती कुठेतरी बाहेर गेली असावी.

"आणि बाबांना हे माहीत होतं?"

"होतं."

"तुम्ही दोघं म्हणजे..." औतीचा आवाज अडखळला. "तिथेच थांब. मी गाडी घेऊन येते. आणि आई, हे आता पुरे. रोज नाही. मी काही ऐकणार नाही."

"गाडी घेऊन ये. पण इथे नाही, चौकात ये. इथून मी अडतीसने येते, इथे दुसरी बस नाही. चौकात तू मला थांबे चालून दाखव. किती पावलांवर खांब, कुठे कडा. चार दिवस रोज दाखव. मग मी एकटी."

"आणि तू गाडीखाली आलीस तर?"

"औती..."

"नाही, सांग ना. आलीस तर मी बाबांना काय सांगू?"

माइरे फोन कानाशी धरून उभी राहिली. तेव्हा काउकोने डावा हात पुढे केला. पक्षाघात झाल्यापासून तो फोनवर बोलत नसे. समोरचा माणूस दिसत नाही, आणि शब्द येईपर्यंत तो वाट पाहतोय की निघून गेलाय हे कळत नाही, असं त्याने एकदा सांगितलं होतं. माइरेने फोन त्याच्या कानाशी धरला.

"मी," तो म्हणाला.

"बाबा?"

काउकोचे ओठ हलले. शब्द आला नाही. त्याने डोळे मिटले, पुन्हा प्रयत्न केला. खोलीत घड्याळ नव्हतं, पण वेळ जाताना जाणवत होता. माइरेला वाटलं, आता औती काहीतरी बोलेल, घाईने वाक्य पुरं करेल, नाहीतर रडेल. फोनमधून फक्त श्वास ऐकू येत होता. औती थांबली होती.

"येऊ दे," काउको म्हणाला. आणि मग आणखी बऱ्याच वेळाने, "तिला."